शिवेपलीकडचं पाणी

मुलांनो, आज जेवण झालं की एक गंमत करून बघा. घरातल्या लाकडी टेबलाच्या एका टोकाला कान लावा आणि भावाला नाहीतर बहिणीला दुसऱ्या टोकाला नखानं हळूच खरवडायला सांगा. हवेतून जो आवाज तुम्हाला ऐकूही आला नसता, तो ते लाकूड थेट तुमच्या कानात आणून टाकेल. आता डोळे मिटा. टेबलाच्या जागी एक अख्खी टेकडी आणा. तिच्या पोटात, खूप खोल, पाण्याचा एक थेंब एका फटीतून दुसऱ्या फटीत उतरतो आहे, आणि तुम्ही वर उन्हात, वाळलेल्या गवतावर बसून तो ऐकता आहात.

आज हे नवल वाटेल. पण तुमची मुलं तुमच्याएवढी होतील तेव्हा ते नवल राहिलेलं नसेल. त्या काळातली ही गोष्ट आहे. खानदेशातल्या बोरदर गावच्या जुई देवरेची.

बोरदर टेकडीच्या अलीकडे आणि सावरपाडं टेकडीच्या पलीकडे. माथ्यावर एक खिंड, खिंडीत दोन्ही गावांची शीव. बोरदरच्या बाजूचा सगळा उतार जुईच्या वडिलांचा, गोकुळ देवरेंचा. वर मुरमाड माळ, खाली थोडी काळी जमीन आणि तिथं विहीर. पलीकडे सावरपाड्यात जुईची आत्या अंजना नांदत होती. खानदेशात आत्याला फुई म्हणतात, म्हणून जुईही फुईच म्हणायची. फुईच्या घरामागे लिंबांची बाग होती आणि बागेत विहीर. फुईला माहेरची आठवण आली की ती एसटीची वाट बघत बसत नसे. पदर खोचून खिंड चढायची आणि पोळ्या लाटायच्या वेळेला भावाच्या दारात हजर व्हायची.

त्या दिवसांत सरकारची एक योजना आली होती. तिचा नियम साधा होता. ज्याची जमीन आहे त्यानं आपणहून हो म्हटलं तरच तिथं माती आणि पाणी अडवायचं काम करायचं. कुणावर सक्ती नाही. हो म्हणणाऱ्याला गवताचं बी, रोपं, यंत्राचे काही दिवस आणि शिकवायला माणूस मिळायचा. दर वर्षी होळी झाली की पुन्हा विचारणा व्हायची, आणि त्या वर्षी नाही म्हणायलाही मोकळीक होती.

बोरदरमध्ये पहिलं हो जुईच्या आईनं म्हटलं. तिचं नाव ज्योत्स्ना. गोकुळ म्हणाला होता, माळावर दगडांशिवाय काय आहे. ती म्हणाली, म्हणूनच. मग तिनं वरच्या उतारावर आडवे चर खणून घेतले, काही यंत्रानं, पुष्कळसे हातानं. चराच्या खालच्या काठावर दगडांची ताल, म्हणजे बांध, रचली आणि तालीवर सीताफळं लावली.

चर खणण्यात एक मेख आहे, ती समजून घ्या. चर टेकडीला आडवा हवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत हवा. जरा उतरता झाला तर पावसाचं पाणी एका टोकाला धावतं, तिथं काठ फोडतं आणि माती घेऊन पळतं. पातळीत असेल तर पाणी चरात शांत उभं राहतं आणि जमिनीत मुरतं. ही पातळी ज्योत्स्ना एका लांबलचक पारदर्शक नळीनं काढायची. नळीत पाणी भरायचं. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. नळी मध्ये कितीही वाकडीतिकडी पडली तरी दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. ते दोन्हीकडे जमिनीपासून सारखंच वर दिसलं, की त्या दोन जागा एका पातळीत. दुसरं टोक नेहमी जुईच्या हातात असायचं. आई तिला सांगायची, "पाणी खोटं बोलत नाही. पण नळीत बुडबुडा राहिला तर आपण खोटं वाचतो." मग दोघी नळीला टिचक्या मारत बुडबुडे वर काढायच्या, आणि जुईला हेच सगळ्यात आवडायचं.

जुई तिसरीत असताना ज्योत्स्ना तापानं गेली. कसला ताप ते कळेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर गोकुळनं एकही उन्हाळा चुकवला नाही. जो माणूस माळावर दगडच आहेत म्हणायचा, तो दर वैशाखात एकटा वर जाऊन चरांतला गाळ काढायचा आणि ढासळलेला दगड जागच्या जागी बसवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, विहिरीला पाणी लागतं ना.

आणि वैशाखातच आखाजी येते. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस-पोळी होते. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून ठेवतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात. उन्हाळ्यात आपलं माणूस तहानलेलं येईल, ही त्यामागची माया. देवऱ्यांच्या घरात ही घागर माहेरवाशिणीनं भरायची रीत होती. म्हणून ज्योत्स्नाची घागर अंजनाफुई भरायची. विहिरीवरून आणताना ती घागरीशी बोलत यायची, "चल ज्योत्स्ना, घरी चल. तुझ्या नवऱ्यानं रस पातळ केलाय, तूच बघ बाई." जुई हसायची आणि फुईच्या पदराला डोळे पुसायची.

जुई सहावीत गेली त्या वर्षी योजनेनं टेकडीला कान लावला.

तो कान म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यावर जाड वेष्टण घालून ती माळभर जमिनीत पुरली, खिंडीतून सावरपाड्यात नेली आणि तिथल्या हो म्हणणाऱ्यांच्या शेतांतून फिरवली. फुईच्या बागेतूनही. तारेच्या एका टोकातून प्रकाशाच्या ठिणग्या सोडतात. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष असतात, आणि त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे येतो. जमीन कुठं जराशी थरथरली की तिथली तार तिळभर ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. परतायला किती वेळ लागला यावरून जागा कळते. पाणी मुरताना फटींतली हवा ढकलतं, बुडबुडे फुटतात, थेंब आपटतात. या सगळ्याची थरथर वेगळी असते. संगणक गाड्यांची, गुरांची, वाऱ्याची थरथर बाजूला काढतो आणि उरतो तो पाण्याचा आवाज. एका पावसाळ्यात तो आवाज कुठून कुठं सरकला ते जोडत गेलं, की जमिनीखालच्या वाटांचा नकाशा तयार होतो.

योजनेच्या वळवी मॅडमनी शाळेच्या टॅबवर तो आवाज ऐकायची सोय करून दिली होती. पावसाळाभर जुई मधल्या सुट्टीत इअरफोन लावून बसायची. आईच्या चरांखालचा आवाज तिनं शोधून ठेवला होता. मंद, अखंड, दुसऱ्या खोलीत कुणी तांदूळ निवडत असावं तसा. ती त्याला आईचा आवाज म्हणत नसे, पण ऐकताना तिचा श्वास संथ व्हायचा.

दिवाळीनंतर नकाशा झाला. वळवी मॅडमनी शाळेच्या पटांगणात गावाला बोलावलं आणि तो पडद्यावर दाखवला. बोरदरच्या लोकांना तोवर वाटत होतं, की उतार आपल्याकडे आहे म्हणजे मुरलेलं पाणीही आपल्याकडेच येणार. पण टेकडीच्या पोटात, वरचा माळ आणि खालची विहीर यांच्या मधोमध, काळ्या दगडाची एक उभी भिंत होती. मॅडमनी ती छान समजावून सांगितली. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथल्या खडकाला लांब भेग पडली, तीतून तप्त रस वर चढला आणि भेगेतच थिजला. पाटवडीच्या थापलेल्या पिठात उलथनं उभं रोवून ठेवावं, तशी ती भिंत. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे अशा पुष्कळ आहेत. काही वर दिसतात, ही मातीखाली लपलेली होती. वरच्या चरांत मुरलेलं पाणी या भिंतीला येऊन थांबत होतं, तिच्या कडेकडेनं वळत होतं आणि खिंडीखालून पलीकडे जात होतं.

पडद्यावरची निळी रेघ कुठं जाऊन थांबते, ते जुईनं सगळ्यांच्या आधी ओळखलं. तिथली लिंबांची बाग तिच्या पायाखालची होती. ती आनंदानं उभी राहिली.

"म्हणजे आईचं पाणी फुईच्या विहिरीत जातं," ती म्हणाली.

याहून चांगली बातमी तिनं वर्षभरात ऐकली नव्हती. तिला वाटलं, सगळे टाळ्या वाजवतील. पटांगणात एवढी शांतता पसरली की ती खाली बसली, आणि आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

ते तिला पारावर कळलं. निंबाबाबा नावाचे म्हातारे तिथं बसायचे, त्यांच्या जिभेला धार होती. गोकुळ जाताना दिसला की म्हणायचे, "भावजयीनं खणलं, नणंदेनं भरलं. असं आंदण आजवर कुणी दिलं नव्हतं बाबा." लोक हसायचे. पुढे हसणं कमी झालं आणि नुसतंच बोलणं उरलं, कारण त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. माघ संपायच्या आत बोरदरच्या विहिरी तळाला टेकल्या. गोकुळच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरायचं. तिथंही दोर पुरेनासा झाला. टँकर आला की बायकांची हंड्यांवरून भांडणं लागायची. आणि पलीकडे सावरपाड्यात लिंबं हिरवी होती.

मागं कुणालाच काही माहीत नव्हतं तेव्हा जो तो टेकडीसाठी दोन दगड उचलायचा. आता प्रत्येकाला ठाऊक होतं, कोणता दगड कुणासाठी आहे.

होळीनंतर वळवी मॅडम विचारणा करायला आल्या. गावातले चारजण गोकुळबरोबर ओट्यावर बसले होते. उपाय सगळ्यांना दिसत होता. वरचे चर बुजवले की पावसाचं पाणी माळावरून वाहत भिंत ओलांडून खाली येईल. तिथं, विहिरीच्या वरच्या अंगाला नवे चर खणले की ते बोरदरच्याच पोटात मुरेल. दोन्हीकडे चर ठेवून भागणार नव्हतं. एवढ्याशा पावसात वरचे चर भरले की खाली काही उरत नसे. पाणी एकच होतं आणि विहिरी दोन.

गोकुळनं मॅडमना विचारलं, तुम्ही काय कराल. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पाणी कुठं जातं ते यंत्र सांगतं, गोकुळभाऊ. कुठं जावं, ते त्याला विचारू नका. मलाही नका विचारू. योजना तुमच्या मर्जीची आहे."

जुई दाराआडून वडिलांकडे, तिच्या आप्पांकडे, बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरून शेजारच्या नामदेवकाकांची म्हातारी आई, कंबरेत वाकलेली, अर्धी कळशी घेऊन चालली होती. गोकुळ तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, खाली खणू.

यंत्र दोन दिवस माळावर घरघरत होतं. चर मातीनं भरले. ज्योत्स्नानं रचलेल्या तालीचे दगड ट्रॉलीत घालून खाली आणले आणि नव्या तालीला लावले. वाया का घालवायचे, असं सगळेच म्हणाले. सीताफळं तेवढी ठेवली. जुई त्या दोन दिवसांत बापाशी एक शब्द बोलली नाही. भाकरी वाढायची आणि उठून जायची.

आखाजीला फुई आली. खिंडीतूनच आली, म्हणजे तिनं सगळं पाहिलं होतं. तरी ती नेहमीसारखी विहिरीवर गेली. दोर लांब सोडून गढूळ पाणी वर काढलं, फडक्यानं गाळलं आणि घागर भरली. वाटेत घागरीशी काही बोलली नाही. घागर जागेवर ठेवून, तिच्यावर डांगर ठेवून ती भावासमोर बसली.

"विचारायला आला असतास, तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "वरचे दगड खाली आणायला मीच डोक्यावर घेतले असते. तू विचारलंच नाहीस रे."

गोकुळ जमिनीकडे पाहत होता. "तू नाही म्हणशील याची भीती नव्हती, ताई," तो म्हणाला. "तू हो म्हणशील, त्याचीच होती."

फुईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. आमरस-पोळी खाल्ली, पोळीला नावं ठेवली, जुईची वेणी घातली. उन्हं कलल्यावर ती निघाली. जुई तिला खिंडीपर्यंत सोडायला गेली. तिला सांगायचं होतं, की फुई, ते मीच सांगितलं सगळ्यांना. पटांगणात मीच उठून बोलले. पण त्याआधीच खिंड आली. फुईनंच तिचा हात दाबला आणि म्हणाली, "पाणी माहेरचं होतं हे मला तुझ्यामुळं कळलं बाई. नाहीतर मी इतकी वर्षं विहिरीचेच आभार मानत बसले असते."

पुढचा पावसाळा बरा झाला. खालचे चर भरले, मुरले, पुन्हा भरले. दिवाळीत बोरदरच्या विहिरीत डोकावलं तर आभाळ दिसत होतं. नामदेवकाकांच्या आईनं गोकुळच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. निंबाबाबांनी टोमणे सोडले आणि त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. गोकुळ बसायचा, पण पारावर असताना तो टेकडीकडे पाठ करून बसायचा.

जुईनं शाळेत पुन्हा इअरफोन लावले. खालचा आवाज भरून आला होता, लोक नव्यानं राहायला आलेल्या घरासारखा. मग तिनं वरच्या चरांची जागा दाबली. तिथं वारा होता. एक शेळी चालत गेली. बाकी काहीच नव्हतं. बिघाड असेल म्हणून तिनं तार तपासायला सांगितलं. वळवी मॅडमनी तपासली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, की तार चांगली आहे. त्यानंतर जुईनं इअरफोन परत करून टाकले.

थंडी सरता सरता पलीकडची लिंबं पिवळी पडली. फुईच्या यजमानांनी बोअर घेऊन पाहिली, धुरळा निघाला. फुई फोनवर सगळं हसत सांगायची, त्यावरूनच जुईला कळायचं. होळीच्या सुमारास त्यांनी घराला कुलूप लावलं आणि सुरतेला गेले, तिथं त्यांच्या ओळखीनं एका कारखान्यात काम होतं. माहेरी सांगायला फुई आली नाही. खिंडीची वाट तिच्या पायांनी मळलेली होती. त्या वर्षी त्या वाटेवर पावसाळ्यातलं गवत तसंच वाळून राहिलं.

मग आखाजी आली. गोकुळनं पहाटेपासून अंगण झाडलं, निंबाला झोका बांधला, आंबे धुऊन ठेवले. फुई यायची नाही हे त्याला माहीत होतं, तरी पानं मांडताना त्यानं तिचंही पान मांडलं. दुपारी फोन वाजला. यंत्रांच्या खडखडाटात फुईचा आवाज तुटत तुटत येत होता. सुट्टी मिळाली नाही, ती म्हणाली. आणि म्हणाली, "या वर्षी घागर जुईला भरू दे."

जुई विहिरीवर गेली. दोर थोडाच सोडावा लागला. पाणी स्वच्छ होतं, इतकं की घागरीचा तळ दिसत होता. वाटेत तिनं घागरीशी बोलायचा प्रयत्न केला, पण फुईसारखं जमेना. घागर जागेवर ठेवून तिनं वर डांगर ठेवलं, आंबा ठेवला, हात जोडले. मागे वळली तर आप्पा जेवायचं टाकून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. झोपले नव्हते. त्यांचा खांदा हलत होता.

ती जरा वेळ उभी राहिली. कोपऱ्यातल्या खुंटीला आईची नळी वेटोळं करून टांगलेली होती. ती तिनं काढून खांद्यावर टाकली. कुदळ घेतली. मग घागरीवरचं डांगर आणि आंबा अलगद बाजूला ठेवले, घागर कमरेवर घेतली आणि मागच्या दारानं टेकडीची वाट धरली.

वरचा माळ सपाट पडला होता. चर कुठं होते ते आता फक्त सीताफळं सांगत होती. ती अजून आडव्या ओळीत उभी होती. सगळ्यात वरच्या, खिंडीजवळच्या ओळीपाशी जुई थांबली. इथं चर झाला तर खालच्या विहिरीला थोडं कमी पडेल, हे तिला कळत होतं. आप्पा काय म्हणतील ते तिला माहीत नव्हतं. पलीकडच्या विहिरीला पुन्हा ओल धरायला किती पावसाळे लागतील आणि सुरतेच्या खडखडाटात ते कुणाला कळेल, हेही कुणी सांगू शकलं नसतं.

तिनं आईच्या घागरीतलं पाणी नळीत ओतलं. टिचक्या मारत मारत बुडबुडे वर काढले, शेवटचा फुटेपर्यंत. नळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते तिनं पहिल्या सीताफळाच्या खोडाला बांधलं. आपल्या हातातलं टोक घेऊन पुढे गेली, पाण्याची उंची पाहिली, परत येऊन झाडाजवळची पाहिली, पुन्हा पुढे गेली, बोटभर खाली सरकली, पुन्हा मागे आली. उन्हात अशा किती खेपा झाल्या कोण जाणे. मग एकदा दोन्हीकडचं पाणी जमिनीपासून सारख्याच उंचीवर येऊन उभं राहिलं.

तिथं तिनं टाचेनं खूण केली आणि कुदळ उचलली.